रविवारची प्रार्थना आणि सोमवारचं वागणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, बायबल अभ्यासाला, घरोघरच्या प्रार्थनासभांना आणि पाळकांच्या भेटीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात ते इथे घेतले आहेत. शास्त्रसंदर्भ दिले आहेत ते कृपया उघडून वाचा, आमच्या शब्दावर विसंबू नका.

रविवारी उपासनेला जातो, रोज प्रार्थना करतो, दशांशही देतो. आणखी काय राहिलं?

या तिन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि चालूच ठेवाव्यात. पण मत्तय 23:23 वाचा. पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश मोजून देणाऱ्यांना येशू सांगतो की न्याय, दया आणि विश्वासूपणा तुमच्याकडून राहून गेला. दशांश बंद करा असं तो म्हणत नाही. हेही करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, असं त्याचं म्हणणं आहे.

आमच्या मते विश्वास तपासायची खरी जागा म्हणजे अशी माणसं, ज्यांचं आपल्यावर काही चालत नाही. घरकामाच्या मावशी, सोसायटीचा वॉचमन, हाताखालचा ट्रेनी, घरातलं लहान मूल, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. पाळकांसमोर आणि वरिष्ठांसमोर सगळेच नीट बोलतात, त्यावरून काही कळत नाही. पुढची बहुतेक उत्तरं या ना त्या मार्गानं याच माणसांपाशी येतील.

सुरुवात नेमकी कुठून करायची?

एका वहीपासून. सात दिवस, रोज झोपण्याआधी दहा मिनिटं, फक्त तीन ओळी लिहायच्या. आज कोणाला दिलेला शब्द पाळला नाही? पैशाच्या कोणत्या व्यवहारात काही लपवलं? पाळकांसमोर कधीच काढला नसता असा आवाज आज कोणासमोर काढला? प्रत्येक ओळीत माणसाचं नाव आणि वेळ लिहा. "आज जरा चिडचिड झाली" असं लिहून काही उपयोग नाही. "सकाळी 7:40, धाकटी, डबा विसरली म्हणून" असं लिहिलं की चित्र दिसायला लागतं.

या आठवड्यात सुधारायचा प्रयत्न करू नका, नुसतं पाहा. आठव्या दिवशी सगळं सलग वाचा. तोच माणूस, तीच वेळ, तेच कारण पुन्हा पुन्हा आलेलं आढळेल. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि चार आठवडे तिच्यावरच काम करा.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे एकदम दहा संकल्प. भस्मबुधवारी सुरू होणाऱ्या उपवासकाळात हे नेहमी दिसतं. रविवार सोडून चाळीस दिवसांचा तो काळ, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत दहाच्या दहा संकल्प गळालेले असतात. दुसरी चूक म्हणजे मोजता न येणारा संकल्प. "मी प्रेमळ होईन" हे तपासणार कसं? "रात्री नऊनंतर मुलाच्या मार्कांचा विषय काढणार नाही" हे तपासता येतं.

मी बाहेर शांत असतो, पण घरच्यांवर आवाज चढतो. हे कसं थांबवायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि विचारणारा बहुधा मंडळीत कोणत्या तरी जबाबदारीवर असतो. याकोब 3:9-10 नेमकं याच माणसाला उद्देशून आहे. ज्या तोंडानं देवाची स्तुती करायची, त्याच तोंडानं त्याच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, हे चालणार नाही असं याकोब स्पष्ट म्हणतो.

राग बहुतेक वेळा ठरलेल्या वेळी येतो. सकाळची शाळेची घाई, हिंजवडीहून वाहतुकीत दीड तास अडकून घरी पोचल्यानंतरची पहिली वीस मिनिटं, आणि महिनाअखेर. वेळ माहीत असेल तर तयारी करता येते. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर दोन मिनिटं तशीच बसा, लहानशी प्रार्थना करा, मग जिना चढा. घरात आल्यावर पहिल्या वीस मिनिटांत तक्रार, हिशेब आणि अभ्यास हे तीन विषय काढायचे नाहीत असं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सकाळची घाई ही बरीचशी आदल्या रात्रीची कामं असतात. डबे, दप्तर, गणवेश रात्रीच झाले तर सकाळी ओरडायचं निम्मं कारणच उरत नाही. नुसती प्रार्थना केली आणि सहा वाजता उठायचं टाळलं, तर पावणेआठला जीभ सुटणारच.

इफिसकरांस 4:26 मध्ये सूर्य मावळण्याआधी राग सोडा असं आहे. पुष्कळ जोडपी याचा अर्थ रात्री एक वाजेपर्यंत भांडण मिटवत बसणं असा घेतात आणि दमलेल्या अवस्थेत आणखी चार वाईट शब्द बोलून जातात. "माझा राग तुझ्यावर धरून ठेवलेला नाही, उद्या संध्याकाळी सातला यावर बोलू" एवढं सांगून झोपलात तरी वचनाचा मान राखला जातो. अट एकच, उद्या सातला खरोखर बोलायला बसायचं.

माफी कशी मागायची? "सॉरी" म्हटलं तर पुरत नाही का?

बहुतेक वेळा पुरत नाही. पूर्ण माफीचे चार भाग आहेत.

काय केलं ते नाव घेऊन सांगणं: "काल सगळ्यांसमोर मी तुम्हाला बेजबाबदार म्हणालो." त्यामुळे काय झालं ते मान्य करणं: "तुमची मान खाली गेली." कारण न जोडता थांबणं. इथेच माणसं घसरतात, कारण "पण तुम्हीही उशीर केलात" हे जोडलं की माफी संपून भांडण सुरू होतं. आणि शेवटी भरपाई: ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच परत घेणं. ग्रुपवर बोललेलं ग्रुपवर, मीटिंगमध्ये बोललेलं पुढच्या मीटिंगमध्ये. सगळ्यांसमोर अपमान आणि एकांतात माफी हा हिशेब जुळत नाही.

पैशाचं नुकसान असेल तर पैसे परत. गणना 5:6-7 मध्ये मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलं आहे. जकातदार जक्कय तर चौपट देतो (लूक 19:8). आज कायद्यासारखा तो आकडा लावा असं आम्ही म्हणत नाही, पण दिशा लक्षात घ्या: देवाकडे क्षमा मागितली म्हणून माणसाचं देणं फिटत नाही. मत्तय 5:23-24 मध्ये येशू अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की शनिवारचा फोन यासाठी राखून ठेवावा.

मुलांची माफी मागितली तर धाक राहत नाही, असं अनेक आईवडिलांना वाटतं. आमचा अनुभव उलटा आहे. ज्या घरात मोठे लहानांची माफी मागतात, तिथे मुलं स्वतःची चूक लवकर कबूल करतात. चुकणाऱ्या मोठ्यांना मुलं सहन करतात. प्रार्थनेला बसवणारा आणि कधीच न चुकणारा बाप मात्र त्यांना पटत नाही, आणि पुढे त्या बापाचा देवही पटेनासा होतो.

"पाच मिनिटांत पोचतो" अशा छोट्या खोट्याला एवढं महत्त्व का?

मत्तय 5:37 मुळे. आपलं होय हे होय असावं आणि नाही हे नाही. स्वारगेटला असताना "डेक्कनला पोचलोच" म्हणायची सवय लागली की तीच जीभ ऑफिसातही तसंच बोलते: काम सुरूही केलं नसताना "ऑलमोस्ट झालंय". उपाय साधा आहे. कुठे आहात ते सांगा आणि वेळेत दहा मिनिटं जास्त धरा. शब्द देताना "बघतो" म्हणण्याऐवजी दिवस सांगा, किंवा सरळ नाही म्हणा. आपल्याकडे नाही म्हणायचा संकोच फार, आणि त्या संकोचातूनच निम्मी खोटी आश्वासनं जन्माला येतात. स्तोत्र 15:4 मधला माणूस स्वतःचं नुकसान झालं तरी शब्द फिरवत नाही. म्हणून शब्द कमी द्यावेत.

कागदावरच्या खोट्याबद्दलही बोलायला हवं, कारण ते खोटं आहे असं आता कोणाला वाटेनासं झालं आहे. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मिळवण्यासाठी राहत्या घराच्या खोट्या भाडेपावत्या जोडणं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, म्हणून पावती बरोबर 99 हजारांची करणं. आजारी नसताना वैद्यकीय प्रमाणपत्र देणं. बायोडेटात सहा महिन्यांचा अनुभव दीड वर्षाचा करणं. आणि घरमालक असाल तर "11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असं भाडेकरूला सांगणं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. यातल्या कशाचीही साक्ष रविवारी कोणी देत नाही. पण तुमच्या भाडेकरूला तुमचा देव याच कागदावरून कळतो.

लाच दिल्याशिवाय काम होत नाही. मग ख्रिस्ती माणसानं काय करायचं?

दोन प्रसंग वेगळे करा. रांग मोडून, नियम वाकवून फायदा मिळवण्यासाठी पैसे देणं ही सरळ लाच आहे, त्यावर चर्चा नको. दुसरा प्रसंग म्हणजे तुमचं हक्काचं काम कोणी अडवून ठेवतं. इथे मन दुबळं होतं, कारण आपण अन्याय सोसत असतो.

आधी स्वतःची बाजू पक्की करा. सिग्नलवर "काहीतरी बघा ना साहेब" म्हणायची वेळ बहुधा विमा, पीयूसी किंवा हेल्मेट नसल्यामुळे येते. विमा आणि पीयूसीच्या तारखा फोनमध्ये टाका, हेल्मेट घाला. चूक झालीच असेल तर ई-चलान घ्या आणि भरा. दंड भरणं ही साक्ष आहे, ती महाग पडते तरीही.

सरकारी कामासाठी अर्ज देताना तारीख आणि क्रमांक असलेली पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. मुदतीत काम झालं नाही तर त्याच खात्यात पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग. अनेक अर्ज "आपले सरकार" पोर्टलवरून करता येतात, तिथे मध्यस्थाची गरज पडत नाही. पैसे मागितलेच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला बळजबरीनं द्यावी लागली त्यानं सात दिवसांच्या आत तक्रार केली तर त्याला संरक्षण आहे.

वेळ लागेल, हे आधीच धरून चाला. दाखला उद्या हवा असताना आज अर्ज करणारा माणूस लाचेच्या दारात स्वतःच जाऊन उभा राहतो.

फ्लॅटच्या व्यवहारात "थोडे रोखीत" हा प्रकार तर मंडळीतल्या मंडळीतही चालतो. स्थावर मालमत्तेसाठी 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. विकणारा ऐकत नसेल तर दुसरा फ्लॅट शोधा. आम्हाला ठाऊक आहे की हे लिहिणं सोपं आहे आणि बजेट बसलेला फ्लॅट सोडणं अवघड. तरीही उत्तर हेच आहे.

घरकामाच्या मावशींशी वागताना विश्वासाचा काय संबंध?

फार जवळचा. लेवीय 19:13 म्हणतं की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. याकोब 5:4 मध्ये अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते. म्हणून पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. "सुट्टे नाहीत, परवा देते" हे वाक्य घरातून काढून टाका.

महिन्याच्या पगारी सुट्ट्या किती, ते कामाला लागतानाच बोलून वहीत लिहा. तुम्ही मे महिन्यात पंधरा दिवस गावी गेलात तर त्यांचा पगार कापू नका, काम करायला त्या तयार होत्या. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात पगारवाढ द्या, त्यांना मागायला लावू नका. त्या हिंदू असतील तर बोनस दिवाळीला द्या. आपल्या सोयीनं नाताळपर्यंत थांबवला तर त्यांचा सण कोरडा जातो.

त्यांचा चहाचा कप वेगळा आहे का, हे आज स्वयंपाकघरात जाऊन पाहा. कोपऱ्यातला कानतुटका कप किंवा वेगळी ताटली असेल तर ती काढून टाका. ज्यांच्या पणजोबांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांच्याच घरात हा कप सापडावा, हे मनाला फार लागतं.

आणि रविवार. निर्गम 20:10 मधली विसाव्याची आज्ञा दास, दासी आणि परक्यालाही विसावा देते. आपण उपासनेला जावं आणि त्याच वेळी मावशींनी चाळीस पाहुण्यांची भांडी घासावी, हे त्या आज्ञेशी जुळत नाही. रविवारी सुट्टी द्या, नाहीतर बदल्यात दुसरा पूर्ण दिवस द्या. चर्चमध्ये झाडलोट करणाऱ्यालाही हेच लागू आहे. पास्टोरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, बैठकीत त्याच्या पगाराचा विषय शेवटचा कधी निघाला होता, ते इतिवृत्तात तपासा.

गणपतीचा प्रसाद घ्यावा का? वर्गणी द्यावी का?

पुण्यात खाण्यापिण्यावरून माणसं तुटण्याचा इतिहास जुना आहे. 1890 साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याच्या वादात रानडे आणि टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताला तोंड द्यावं लागलं. म्हणून हा प्रश्न जपून हाताळावा.

पौल 1 करिंथकरांस 8 आणि 10 या अध्यायांत सांगतो की मूर्ती काहीच नाही, पण मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये. बाजारात मिळणारं किंवा यजमानानं वाढलेलं चौकशी न करता खावं. त्यामुळे दिवाळीचा फराळ आनंदानं खा आणि डबा परत करताना त्यात करंज्या किंवा केक भरून द्या. नैवेद्याचा प्रसाद ओळखीचा असतो, तो आम्ही घेत नाही. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांना रोमकरांस 14:3 प्रमाणे आम्ही तुच्छ लेखत नाही.

नकाराची पद्धत महत्त्वाची. हात जोडून, हसून, एकदाच: "काकू, मी प्रसाद घेत नाही, पण बसायला येतो." भाषण नको. सर्वांत वाईट म्हणजे संकोचानं घ्यायचा आणि जिन्यात टाकून द्यायचा. त्यात काकूंचाही अपमान होतो आणि स्वतःच्या विश्वासाचाही.

वर्गणी मागायला मुलं आली तर दार लावून बसू नका. पूजेसाठी देणार नसाल तर मंडळाच्या रक्तदान शिबिराला, विसर्जनाच्या दिवशी कार्यकर्त्यांच्या पाण्याला किंवा नंतरच्या साफसफाईला पैसे आणि हात दोन्ही द्या.

"प्रार्थनेसाठी सांगते" म्हणून दुसऱ्याची गोष्ट सांगणं चुकीचं आहे का?

त्या माणसाची परवानगी नसेल तर हो. महिलांच्या सभेत आणि व्हॉट्सअॅपवर कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा दारू पितो हे प्रार्थनाविषयाच्या नावाखाली अर्ध्या तासात कोंढव्यापासून चिंचवडपर्यंत पोचतं. नीतिसूत्रे 11:13 पाहा. नियम ठरवा: ग्रुपवर नाव टाकण्याआधी त्या व्यक्तीला फोन. फोन करता येत नसेल तर नाव न घेता प्रार्थना करा, देवाला नाव माहीत आहे.

सकाळी वचन आणि रात्री दुसऱ्या धर्माबद्दलचा न तपासलेला व्हिडिओ, असं एकाच नंबरवरून जात असेल तर सकाळचं वचन कोणी वाचत नाही. मंडळीच्या निवडणुकीच्या दिवसांत तर आठवडाभर कोणतंही फॉरवर्ड न केलेलं बरं.

ऑफिसात विश्वासाबद्दल बोलावं का?

विचारलं तर जरूर. 1 पेत्र 3:15 उत्तर द्यायला तयार राहा म्हणतं, आणि त्याच वचनात सौम्यता आणि आदर हे शब्द आहेत. हाताखालच्या माणसाशी, तुमच्याकडून पैसे घेतलेल्या माणसाशी किंवा आजारात तुमच्यावर अवलंबून असलेल्याशी हा विषय आपण होऊन काढू नका. त्याला नाही म्हणायची मोकळीक नसते. मदत करताना अट कधीही नको. कामात कुचराई करणाऱ्यानं तर आधी कलस्सैकरांस 3:23 वर काम करावं.

केडगावच्या मुक्ती मिशनकडे पाहा. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा आणल्या, त्यांना अन्न, शिक्षण आणि हाताला काम दिलं. रमाबाईंचा विश्वास काय होता हे महाराष्ट्राला विचारावं लागलं नाही.

मंडळीत जात पाळली जाते. त्यावर एकटा माणूस काय करू शकतो?

लग्नाच्या बायोडेटापासून सुरुवात करा. "ख्रिस्ती" लिहून कंसात मूळ जात किंवा "आमच्यातलाच हवा" हे लिहू नका, आणि कोणी तोंडी विचारलं तर सांगू नका. कोणत्या गावचे, कोणत्या मिशनचे, हे प्रश्न पुष्कळदा जात काढण्यासाठीच विचारले जातात. गलतीकरांस 3:28, ख्रिस्तात सगळे एक, हे आपण पाठ म्हणतो. ते आपल्याच मुलीनं निवडलेल्या मुलाला लागू करायची वेळ आली की घरं गप्प होतात. मुलाचा स्वभाव, व्यसन, कमाई, विश्वास हे तपासा, जात तपासू नका. या एका बाबतीत हळूहळू बदल होईल असं म्हणणं आम्हाला मान्य नाही.

चर्चला देणगी द्यायची की आईवडिलांच्या औषधांना?

आधी औषधं. मार्क 7:9-13 आणि 1 तीमथ्य 5:8 वाचा.

इतकं करूनही पुन्हा पुन्हा चुकतो. मी ढोंगी आहे का?

चुकणं म्हणजे ढोंग नाही. चूक झाकून न चुकल्यासारखं दाखवणं हे ढोंग. 1 योहान 1:9 मधलं अभिवचन पाप कबूल करणाऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे कबुली लागणार हे तिथे धरलेलंच आहे. आपल्या चांगल्या वागण्यामुळे तारण मिळत नाही, ते कृपेनं मिळालं म्हणून वागणं बदलतं. हा क्रम उलटा झाला की माणूस एक तर खचतो, नाहीतर गर्विष्ठ होतो.

एकट्यानं हे जमत नाही. आपल्याच लिंगाचा, शक्यतो घराबाहेरचा आणि तुमच्या भिडेत नसलेला एक विश्वासू जोडीदार शोधा. पंधरा दिवसांतून एकदा, पाऊण तास, ठरलेल्या जागी भेटा. सारसबागेतला बाक चालेल, फोन बंद हवा. दोघांनी एकमेकांना विचारायचे प्रश्न ठरलेले असू द्या: निवडलेल्या एका गोष्टीचं काय झालं? कोणाची माफी मागायची राहिली आहे? कोणाचे पैसे द्यायचे आहेत? आणि आत्ता दिलेल्या उत्तरांत काही खोटं होतं का? शेवटचा प्रश्न वगळू नका. तिथे ऐकलेलं तिथेच राहिलं पाहिजे, जोडीदाराच्या बायकोलाही नाही. तीन भेटींनंतरही दोघं फक्त मंडळीच्या राजकारणावरच बोलत असाल, तर जोडीदार बदला.